हद्दीबाहेरचा हिशेब

इको-सिटी या शब्दाला मराठीत अजून पक्का प्रतिशब्द मिळालेला नाही. कुणी ‘पर्यावरणस्नेही शहर’ म्हणते, कुणी ‘हरित नगर’. गृहप्रकल्पांचे जाहिरातदार तर ‘इको’ एवढी दोन अक्षरे इमारतीच्या नावाला जोडून मोकळे होतात. शब्द कोणताही असो, त्यामागची मांडणी ठरलेली असते. जुनी शहरे हाताबाहेर गेली आहेत. त्यांची डागडुजी करत बसण्यापेक्षा मोकळ्या जागेवर, शास्त्रशुद्ध आराखडा करून, निसर्गाला कमीत कमी धक्का लावणारे नवे शहर वसवावे. गेल्या पंचवीस वर्षांत अबुधाबीच्या वाळवंटात, शांघायजवळच्या बेटावर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोसे खोऱ्यात या मांडणीचे प्रयोग झाले. त्यांची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी नगररचनेचा पदवीधर नाही. राजपत्रे, आराखडे, न्यायनिवाडे आणि जुन्या बाजारात मिळालेली पुस्तके वाचत जे हाती लागले, त्यावर माझा अभ्यास उभा आहे. त्यामुळे तपासणीची रीतही वाण्याच्या खतावणीसारखी साधी आहे. प्रत्येक शहराला चार प्रश्न विचारायचे. जमीन कुणाची होती आणि तिच्या वाढलेल्या किमतीचे काय झाले? पाणी कुठून येते? मैला कुठे जातो? आणि हे शहर बांधणारा, झाडणारा माणूस रात्री कुठे झोपतो?

या चार प्रश्नांतून मला जे दिसले ते आधीच सांगून टाकतो. इको-सिटीचा हिशेब बहुधा खोटा नसतो; तो फक्त हद्दीच्या आतला असतो. आणि हद्द कुठे आखायची हे ज्याच्या हाती, त्याचा ताळेबंद नेहमीच जुळतो.

एका लघुलेखकाची नगरी

या साऱ्या कल्पनांचा मूळपुरुष म्हणून एबेनेझर हॉवर्डचे नाव घेतले जाते. तो वास्तुविशारदही नव्हता आणि अभियंताही नव्हता. लंडनच्या पार्लमेंटमधली भाषणे टिपून घेणारा लघुलेखक होता. १८९८ साली त्याने एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. १९०२ मध्ये ते ‘गार्डन सिटीज ऑफ टुमॉरो’ या नावाने पुन्हा निघाले आणि जगभर गेले. त्यातल्या वर्तुळाकार आकृत्या नगररचनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतात : मधोमध बाग, भोवती घरे, कडेला कारखाने आणि सगळ्यांना वेढणारी शेती.

या आकृत्यांपेक्षा त्याचे आकडे मला महत्त्वाचे वाटतात. हॉवर्डच्या नगरीसाठी एकूण ६,००० एकर जमीन होती. त्यातल्या १,००० एकरांवर शहर आणि उरलेल्या ५,००० एकरांवर शेती, कुरणे व वने. लोकसंख्या ३२,०००. म्हणजे शहराला पोसणारी जमीन त्याने शहराच्या हिशेबातच धरली होती. दुसरे असे की, ही सगळी जमीन शेतीच्या भावाने घेऊन विश्वस्तांच्या ताब्यात ठेवायची होती. शहर वसल्यावर जमिनीची किंमत वाढणार, भाडे वाढणार. ती वाढ कुणा मालकाच्या खिशात न जाता विश्वस्तांमार्फत रहिवाशांच्या सोयींसाठी वापरली जावी, हा त्याच्या योजनेचा कणा होता. १९०३ साली सुरू झालेल्या लेचवर्थ या पहिल्या उद्याननगरीत आजही एक सामाजिक संस्था मालमत्तेचे उत्पन्न गावासाठीच खर्च करते.

पुढे जगाने हॉवर्डची बाग उचलली आणि विश्वस्त वगळले. झाडे लावणे सोपे होते. जमिनीच्या वाढत्या किमतीवरचा हक्क सोडणे कुणालाच परवडणारे नव्हते. नंतरच्या ‘हरित’ शहरांच्या वहीतले हे पहिले कोरे पान.

वाळवंट आणि बेट

अबुधाबीने २००६ साली मसदर शहराची घोषणा केली. फॉस्टर अँड पार्टनर्स या प्रख्यात कंपनीने आराखडा केला : सुमारे सहा चौरस किलोमीटर जागा, पन्नास हजारांच्या आसपास रहिवासी, शून्य कार्बन, शून्य कचरा. मोटारी वेशीवर ठेवायच्या आणि आत विनाचालक विजेच्या डब्यांतून फिरायचे. सगळे २०१६ पर्यंत पूर्ण व्हायचे होते. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर आराखड्याचा फेरविचार झाला. विनाचालक डबे पहिल्या टप्प्यापुरते उरले, ‘शून्य कार्बन’ची भाषा ‘कमी कार्बन’वर आली आणि पूर्णत्वाची तारीख २०३० पर्यंत सरकली.

मसदरमध्ये काहीच चांगले झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुन्या अरबी वस्त्यांसारख्या अरुंद, सावलीच्या गल्ल्या तिथे आहेत आणि त्या खरोखर थंड राहतात. दहा मेगावॉटचे सौरऊर्जा केंद्र तिथे २००९ पासून आहे. परंतु ‘शून्य’ हा आकडा कसा निघणार होता ते पाहावे. मसदर अबुधाबीच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला लागून आहे. विमानतळ हद्दीबाहेर, म्हणून त्याचा धूर हिशेबाबाहेर. शहर उभारणारा पैसा तेलातून आलेला. ते तेल जगात कुठेतरी जळणार, तेही हिशेबाबाहेर. अबुधाबीतले बांधकाम-मजूर, त्यांत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी मोठ्या संख्येने, शहराबाहेरच्या मजूर-वसाहतींत राहतात. आपल्या चौथ्या प्रश्नाचे उत्तरही हद्दीबाहेरच सापडते.

शांघायजवळच्या चोंगमिंग बेटावरच्या डोंगतानची कथा याहून छोटी आहे. २००५ साली शांघायच्या सरकारी गुंतवणूक कंपनीने अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीला आराखड्याचे काम दिले. ८६ चौरस किलोमीटर क्षेत्र. २०१० च्या शांघाय प्रदर्शनापर्यंत दहा हजार रहिवासी आणि २०५० पर्यंत पाच लाख. जागा यांगत्से नदीच्या मुखाशी, स्थलांतरित पक्ष्यांसाठी आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळालेल्या पाणथळीशेजारी. २००६ मध्ये योजनेचे पाठीराखे असलेले शांघायचे पक्षप्रमुख भ्रष्टाचाराच्या प्रकरणात पदावरून गेले, आणि परवानग्यांची मुदत संपली. बेटाला जोडणारा बोगदा व पूल २००९ साली झाला. इको-सिटी झाली नाही. मात्र मधल्या काळात डोंगतानचे आराखडे परिषदांतून आणि अभ्यासक्रमांतून आदर्श म्हणून दाखवले गेले. न बांधलेल्या शहराला मैला नसतो, मजूर नसतात, पाणीटंचाई नसते. त्यामुळे ते सर्वांत निर्दोष ठरते.

चीन आणि सिंगापूर यांनी २००७ मध्ये करार करून उभारलेली तिआनजिनची इको-सिटी मात्र प्रत्यक्षात आली. ३० चौरस किलोमीटर, साडेतीन लाख लोकवस्तीचे लक्ष्य. तिच्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी : शेतजमीन घ्यायची नाही हे आधी ठरवून मिठागरे, पडीक खारजमीन आणि प्रदूषित पाण्याचा तलाव असलेली जागा निवडली गेली, आणि तो तलाव साफ केला गेला. जमिनीचा प्रश्न तिथे निदान विचारला तरी गेला. आपल्याकडे काय झाले ते आता पाहू.

मोसे खोरे

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये नवी गिरिस्थाने वसवण्यासाठी खास नियमावली केली. तिच्या आधारे २००१ मध्ये मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतल्या १८ गावांचा परिसर गिरिस्थान म्हणून जाहीर झाला. वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठचा हा भाग. तिथे लवासा उभे राहू लागले. इटलीतल्या पोर्तोफिनो या बंदराची आठवण करून देणाऱ्या रंगीत इमारती, तळ्याकाठचा फेरफटका, निसर्गाच्या रचनेतून शिकून केलेला म्हणून वाखाणला गेलेला आराखडा. अमेरिकेतल्या नगररचनेच्या पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. २००८ मध्ये कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला; म्हणजे बांधणारा आणि बांधकामाला परवानगी देणारा एकच झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस काढून काम थांबवले. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, सुमारे २,००० हेक्टरच्या पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. पण तोवर आर्थिक घडी विसकटली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेले.

लवासावर राजकीय अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती नको. आपण चार प्रश्नांपुरते बोलू. जमीन : खोऱ्यातल्या शेतकरी, धनगर, कातकरी कुटुंबांच्या जमिनींच्या व्यवहारांबद्दल तक्रारी झाल्या, आंदोलने झाली. जमिनीच्या वाढलेल्या किमतीत मूळ धारकांचा वाटा असावा, ही हॉवर्डची अट नियमावलीत कुठेच नव्हती. पाणी : मोसे नदीचे पाणी वरसगाव धरणात येते आणि तिथून खडकवासल्यामार्गे पुण्याला व पुढे कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांना जाते. लवासाची तळी या धरणाच्या वरच्या अंगाला. तिथे अडवलेला थेंब म्हणजे खाली कमी पडणारा थेंब. शहराच्या आत पाण्याचा पुनर्वापर कितीही चोख केला, तरी हा हिशेब इंदापूरच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाशीच पुरा होतो. उघड्या पडलेल्या उतारांवर पुन्हा गवत आणि झाडे रुजवण्याचे काम तिथे झाले, ते नाकारायचे कारण नाही. पण मुळात डोंगर कुणासाठी कापला, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

याच मुळशी तालुक्याने हा अनुभव त्याआधी ऐंशी वर्षे घेतला होता. १९२१ साली मुळा-निळेच्या संगमावर टाटांच्या धरणाचे काम सुरू झाले, आणि पन्नासेक गावांतल्या मावळ्यांनी ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी त्या लढ्याने दिली. धरण कशासाठी होते? मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी पाण्यावरची वीज मिळावी म्हणून. आजच्या भाषेत ती ‘स्वच्छ ऊर्जा’ होती. मुंबईतला धूर कमी होणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. पण मुंबईच्या वहीत जी बचत म्हणून लिहिली गेली, ती मुळशीच्या वहीत बुडीत म्हणून लिहिलेली आहे. दोन्ही वह्या शेजारी ठेवून कुणी वाचल्या नाहीत, एवढेच.

दुसरी वही

या दोन वह्या एकत्र वाचण्याची रीत पुढे शास्त्रातही आली. कॅनडातले अभ्यासक विल्यम रीस यांनी १९९२ मध्ये शहराच्या ‘पाऊलखुणे’ची कल्पना मांडली. शहर नकाशावर जेवढे दिसते तेवढ्याच जमिनीवर ते जगत नाही. त्याचे धान्य, लाकूड, इंधन आणि त्याचा धूर जिरवणारी वने धरली तर ते आपल्या क्षेत्राच्या कितीतरी पट जमीन वापरत असते. बांधकामाचाही यात समावेश होतो. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन वायू हवेत जातो. मोकळ्या जागेवर अख्खे शहर नव्याने ओतायचे म्हणजे पहिला रहिवासी येण्याआधीच मोठे कर्ज काढायचे. छपरावरच्या सौरपट्ट्या ते फेडतात, पण किती वर्षांत, हे माहितीपत्रकात नसते.

मग हिशेब जुळणारे शहर कुठे आहेच नाही का? पूर्ण जुळणारे नाही. पण बरेचसे जुळणारे, आणि ‘इको’ हे बिरूद कधीच न लावलेले एक उदाहरण आपल्याच देशात आहे.

कोलकात्याचा उतार हुगळीकडे नाही, पूर्वेकडे आहे. शहराच्या सांडपाण्याचा मोठा भाग कालव्यांतून पूर्वेच्या पाणथळीत जातो. तिथे उथळ, विस्तीर्ण मत्स्यतळी आहेत. बंगालीत त्यांना ‘भेड़ी’ म्हणतात. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते, शेवाळ वाढते, मैल्यातले जंतू मरतात, मासे शेवाळावर पोसतात, आणि निवळलेले पाणी भातखाचरांना मिळते. शेजारच्या धापा भागात शहराच्या कचऱ्यावर भाजीपाला पिकतो. मासे आणि भाजी पुन्हा शहराच्या बाजारात. ही व्यवस्था कुठल्या आराखड्यातून आली नाही. मासेमार आणि शेतकऱ्यांनी शंभरएक वर्षांत ती घडवली. १९८० च्या दशकात ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने ती समजून घेतली, तिचे नकाशे केले आणि ती वाचवण्यासाठी हयात खर्ची घातली. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिथे भराव घालण्यास मनाई केली. २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टरच्या या पाणथळीला आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. कोलकाता हे निसर्गाच्या अनुदानावर चालणारे शहर आहे, असे घोष सांगत.

त्याचे उदात्तीकरण करू नये. तिथले मासेमार गरीब आहेत, कारखान्यांच्या सांडपाण्यातले धातू ही खरी चिंता आहे आणि भराव चोरून चालूच असतो. तरीही आपले चारही प्रश्न तिथे निदान एकाच नकाशावर उभे राहतात. विरोधाभास असा की, याच कोलकात्याने १९६० च्या दशकात हुगळीचा गाळ टाकून पाणथळीचा एक भाग बुजवला व त्यावर सॉल्ट लेक वसवले. पुढे राजारहाटच्या शेतांवर आणि तळ्यांवर न्यू टाऊन उभे राहिले, आणि त्यात २०१२ मध्ये एक प्रशस्त बाग उघडली. तिचे नाव इको पार्क.

इंदूरची दिवाळी

कोलकात्याच्या मासेमारांना जे अनुभवातून उमगले, ते एका नगररचनाकाराने शंभर वर्षांपूर्वी इंदुरात मांडले होते. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला, दहा वर्षे राहिला आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. होळकरांच्या इंदूरसाठी त्याने १९१८ मध्ये दोन खंडांचा अहवाल लिहिला. जुन्या वस्त्या पाडून सरळ रुंद रस्ते काढण्याला त्याचा विरोध होता. एखादे पडके घर काढून तिथे चौक करावा, विहीर साफ करावी, झाडाला पार बांधावा, अशी बेताची शस्त्रक्रिया तो सुचवत असे. मैला गटारांतून नदीत सोडण्यापेक्षा तो मातीला परत द्यावा, असे त्याचे म्हणणे होते. त्याच इंदुरात पुढे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा व शेणापासून खत करण्याची पद्धत बसवली व १९३१ च्या पुस्तकात मांडली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते.

गेडिसच्या चरित्रकारांनी एक हकिकत सांगितली आहे. इंदुरात प्लेगची भीती होती. त्याने जाहीर केले की, दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या गल्ल्यांनी आपली घरे सर्वांत जास्त साफ आणि दुरुस्त केली असतील त्यांतून ती जाईल. गल्लोगल्ली चुरस लागली, गाड्या भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती, आणि शहर झाडणारे सफाई कामगार स्वच्छ पोशाखात, फुलमाळा लेवून मानाने चालत होते.

गेडिसच्या सगळ्याच सूचना पुढे अमलात आल्या नाहीत. शिवाय हा राजाश्रयाने झालेला सोहळा होता, हेही खरे. पण त्याने शहर नवे बांधले नाही, आहे तेच हाती घेतले. आणि आपल्या चौथ्या प्रश्नातल्या माणसाला वेशीबाहेर ठेवले नाही, मिरवणुकीत घेतले.

मग नवी शहरे नकोत का?

यावर रास्त आक्षेप येईल. लोकसंख्या वाढते आहे, खेड्यांतून माणसे येणारच; त्यांना सामावायला नवी वस्ती हवीच. हे मान्य आहे. नव्या वस्तीला माझा विरोध नाही. माझा आक्षेप तिचा हिशेब अर्ध्यावर थांबवण्याला आहे. हा दोष फक्त डोंगरातल्या श्रीमंती नगरांचा नाही. २०१५ च्या स्मार्ट सिटी योजनेत पुण्याने औंध-बाणेर-बालेवाडी हा आधीच बऱ्यापैकी सुस्थितीतला भाग विकासासाठी निवडला. तिथले पदपथ रुंद आणि देखणे झाले. पण ‘स्मार्ट’ची हद्द तिथे संपली, आणि टँकरवर जगणारी उपनगरी गावे हद्दीबाहेर राहिली.

पुण्याचीच हद्द एकदा पाण्याच्या हिशेबाने आखून पाहू. वरच्या अंगाला टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला ही चार धरणे; मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी. खालच्या अंगाला मुळा-मुठा, भीमा आणि उजनी. शहर वापरलेले पाणी, पुरते शुद्ध न करता, याच वाटेने खाली सोडते. म्हणजे पुणे शहर टेमघरच्या डोंगरापासून उजनीच्या जलाशयापर्यंत पसरलेले आहे. धरणात गाव गेलेला वेल्ह्यातला शेतकरी आणि उजनीतला मासेमार हे दोघेही या शहराचे रहिवासी आहेत. फक्त त्यांना महापालिकेत मत नाही.

हे बदलायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. राज्यातल्या महापालिकांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरणाच्या सद्यस्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. कायद्याला अपेक्षित असतो तो शहरातल्या पर्यावरणाचा अहवाल. झाडे किती, वाहने किती, कचरा किती टन, असे तक्ते त्यात असतात. त्याच अहवालाला एक पुरवणी जोडण्यास कुणाची मनाई नाही : आपले पाणी या वर्षी कुठल्या खोऱ्यातून किती आले आणि तिथल्या गावांना किती उरले, आपले सांडपाणी कुठल्या गावापाशी कोणत्या स्थितीत पोहोचले, आपला कचरा कुणाच्या शिवारात पडला, आपल्या बांधकामांवरचे मजूर कुठे राहतात. चार पाने पुरतील. पहिल्या वर्षी आकडे अपुरे असतील, काही रकाने रिकामे राहतील. ते रिकामेच छापावेत. फुरसुंगी-उरुळीच्या माणसांनी कचरा डेपोविरुद्ध वर्षानुवर्षे भांडून हाच रकाना भरायला सांगितला होता.

एखाद्या शहराने स्वतःला इको-सिटी म्हणवून घ्यायचे असेल, तर त्याने आधी ही पुरवणी छापावी आणि तिच्या प्रती हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतींना धाडाव्यात. तिथे ती वाचून लोक काय म्हणतात, ते पुढच्या वर्षीच्या अहवालात यावे.